टच होता

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ताई. तेवढं बोलून टाका आणि मोकळ्या व्हा," रोशन म्हणाला आणि मोबाइल स्टँडवर घट्ट बसवायला लागला.

मी मंडळाच्या खोलीत ट्रॉफ्यांच्या कपाटापुढे उभी होते. तिथेच उभ्या राहा, मागे ट्रॉफ्या दिसल्या की बरं दिसतं, हेसुद्धा त्याचंच डोकं. समोरच्या बाकावर मंडळाचे अध्यक्ष शेखरशेठ बसले होते. खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ करून, काशीनाना उभे होते. नाना म्हणजे आमचे प्रशिक्षक. मी सहावीत असताना खारजमिनीच्या बांधावर पोरांना पळून पळून दमवत होते, ते त्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "ही पोरगी मला द्या. हिला कबड्डी शिकवतो." आईने दिली. तेव्हापासून मी घरात जेवायला आणि झोपायला असायचे, बाकीची नानांची.

"काय बोलायचं?" मी विचारलं.

"साधं आहे गं हर्षाली," शेखरशेठ म्हणाले. "नमस्कार म्हण. त्या दिवशी शेवटच्या रेडला मला टच झाला नव्हता, गडबडीत हात वर गेला, माझी चूक झाली, गावाची माफी मागते. संपलं."

"पण टच होता."

"अगं हो, पण..."

"पण काय? टच होता, शेठ."

शेठनी रोशनकडे पाहिलं. रोशनने मोबाइल जरा डावीकडे वळवला. "ताई, उजेड जातोय," तो म्हणाला.

मला वाटलं, तो मोबाइल उचलावा आणि त्याच्या घशात घालावा. माझा राग हा असा. आई म्हणायची, हिच्या नाकावर रागाने बिऱ्हाडच केलंय. असेल केलं. पण त्या दिवशी तो फुकटचा नव्हता, आणि तो का आला होता ते आधी सांगते.

आमच्या खारकोंडच्या मंडळात नानांचा एक नियम होता. समोरची रेडर तुम्हाला लागली, पंचाने पाहिलं नाही, तरी तुम्ही हात वर करायचा आणि गप बाहेर जायचं. पंचाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. बाकीच्या गावांना ह्याचं हसू यायचं. "खारकोंडच्या साध्वी आल्या," म्हणायचे. पण ह्या साध्वींचा एक फायदाही होता, तो कुणी बोलून दाखवत नसे. आमच्यातली कुणी रेड करून आली आणि म्हणाली की सर, टच आहे, तर पंच वाद घालत नसत. खारकोंडची पोरगी म्हणतेय ना, मग असेल, म्हणून पॉइंट देऊन टाकत. हे नानांनी कित्येक वर्षं घासून कमावलेलं होतं. आमच्या मंडळाकडे मोठा स्पॉन्सर नव्हता, जिम नव्हती, बूटसुद्धा एकमेकींचे घालायचो. पण हे होतं.

ज्या सामन्यावरून हे सगळं झालं ती फायनल खाडीपलीकडच्या गावात, त्यांच्याच संघाशी होती. शेवटची रेड, गुण बरोबरीत. त्यांची सोनल रेडला आली. मी उजव्या कॉर्नरला. ती माझ्या बाजूला वाकली, पाय फिरवला आणि तिच्या अंगठ्याचं नख माझ्या घोट्याला लागलं. चाटूनच गेलं म्हणा ना. पण लागलं. ती मधली रेघ ओलांडून परत गेली. तिला स्वतःलाही खात्री नव्हती, कारण तिने टच मागितला नाही. पंचांनी रेड रिकामी दिली, वेळ संपल्याची शिट्टी झाली आणि आमचे लोक जादा वेळेसाठी ओरडायला लागले. मी हात वर केला.

विचारबिचार काही नाही. शिंक येते तसा हात वर गेला. बारा वर्षांची असल्यापासून जात होता.

आम्ही एका गुणाने हरलो. परतीच्या टेम्पोत पोरी रडत होत्या. रिद्धी, आमची डावा कॉर्नर, संघातली सगळ्यांत लहान, तिला तर हुंदकाच आवरेना. नाना माझ्याशेजारी येऊन बसले. "घोटा दाखव," म्हणाले. मी पाय वर घेतला. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. बारीक पांढरा ओरखडा होता. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बरोबर केलंस." एवढंच. पण नानांच्या तोंडून एवढं म्हणजे बँडबाजाच.

दुसऱ्या दिवशी रोशनने ती क्लिप टाकली.

रोशन आमच्याच गावचा. नाक्यावर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि 'मैदान लाइव्ह' नावाचं पेज. पंचक्रोशीतला प्रत्येक सामना तो मोबाइलवरून दाखवायचा. आधी आम्हाला त्याचं भारी कौतुक होतं. आमच्या पकडींची रीलं करायचा, त्यावर गाणी टाकायचा. माझी एक घोट्याची पकड तर अशी पसरली होती की लग्नकार्यात अनोळखी बायका येऊन विचारायच्या, तीच ना गं तू? मला आवडायचं. खोटं कशाला बोलू.

ह्या क्लिपमध्ये सोनलचा पाय नव्हता. ती परत वळते तिथून क्लिप सुरू होत होती. मग मी दिसत होते. शिट्टी झालेली, कुणी माझ्याकडे बघतही नाही, आणि माझा हात हळूहळू वर जातो. हळूहळू, कारण त्याने ते संथ केलं होतं. खाली लिहिलं होतं, "हात का वर गेला? तुम्हीच सांगा."

आणि लोकांनी सांगितलं. बाई गं, काय काय सांगितलं! सामना विकला. पोरगीच विकली गेलीय. हिचं तिकडच्या गावात कुणाशी तरी आहे. कुणीतरी एका लग्नातला माझा आणि सोनलचा फोटो शोधून काढला, भोवती लाल गोल केला. कुणीतरी माझ्या भावाच्या नव्या मोटरसायकलचा फोटो टाकला. ती हप्त्यावर घेतली होती, त्याचे हप्ते तो मुंबईत रात्रपाळी करून फेडत होता. माझ्या मांड्यांबद्दल लिहिलं, माझ्या आईबद्दल लिहिलं. लिहिणारे कोण? गेल्या वर्षी चषक आणला तेव्हा मला खांद्यावर घेऊन नाचणारे. त्यांच्या प्रोफाइलला अजून माझ्यासोबतचे फोटो होते!

आई बाजारात मासळी विकायला बसते. एक बाई तिच्या पाटीतले बोंबील हातात घेऊन बघत होती. बाजूचा माणूस तिला म्हणाला, "हिच्याकडनं कशाला घेता? हिला आता धंद्याची गरज नाय. पोरीने कमावलंय." बाईने बोंबील खाली ठेवले. आईने घरी येऊन पाटी धुतली, पालथी घातली आणि दोन दिवस बाजाराला गेली नाही.  

मी रोशनच्या दुकानात गेले. "तुझ्याकडे पूर्ण व्हिडिओ आहे ना?"

"आहे की."

"त्यात पाय लागलेला दिसतो?"

तो खाली मान घालून कुणाच्या तरी मोबाइलचे स्क्रू काढत होता. "बारकाईने बघितलं तर दिसतो थोडा," म्हणाला.

"मग तो टाक."

"ताई, पूर्ण व्हिडिओ कोण बघतं? आणि मी कुठे काय म्हटलंय? मी नुसता प्रश्न विचारलाय. आता मी दुसरा टाकला तर लोक म्हणणार, ह्याने दबावाखाली एडिट केला. पेजवरचा विश्वास जाईल."

पेजवरचा विश्वास! माझ्या आईचे बोंबील गेले तरी चालतील, ह्याच्या पेजवरचा विश्वास जायला नको. मी काउंटरवर हात आपटला तसे त्याचे सगळे बारके स्क्रू जमिनीवर उडाले. तो गुडघ्यावर बसून ते शोधत होता तेव्हाही नजर दुकानाच्या दाराकडे रोखून होता, कुणी बघतंय का म्हणून.

सोनल बिचारी भली. तिने स्वतःहून लिहिलं, "माझा पाय लागला होता. खारकोंडच्या ताईने खरा खेळ दाखवला." त्याखाली लोकांनी काय लिहावं? "बघा, दोघींचं आधीच ठरलेलं." तिलाही शिव्या पडल्या. तिने मला फोन केला आणि रडतच म्हणाली, "ताई, घरचे ओरडतायत. मी काढून टाकते हं." मी तिला काय सांगणार? काढ बाई, म्हटलं.

आता पुन्हा त्या खोलीत येते.

येत्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती, आणि ती आमच्याच मैदानावर होती. त्या वर्षी उजव्या कॉर्नरला माझंच नाव घेतलं जात होतं. जिल्ह्याकडून राज्य स्पर्धेला गेलं की तिथे नोकरी देणाऱ्या संघांची माणसं येतात. माझ्या वयाच्या मुलीला पुढच्या वर्षी कुणी बघणार नव्हतं. म्हणजे गेलं तर ह्याच वर्षी, नाहीतर आईच्या शेजारी मासळीची दुसरी पाटी. त्यात कमीपणा नाही, पण मी त्यासाठी एवढी वर्षं गुडघे फोडून घेतले नव्हते.

"निवड समितीकडून निरोप आलाय," शेखरशेठ सांगत होते. "म्हणाले, पोरगी चांगली आहे, पण आधी तुमचा वाद मिटवा. रविवारी मैदानात घोषणा झाल्या, काळे झेंडे निघाले, तर आम्ही तिला घेऊ शकत नाही. मग काय करू सांग? लोकांना हवंय तेवढं देऊन टाकायचं."

"लोकांना खोटं हवंय."

"लोकांना चूक हवीय," शेठ म्हणाले. "चूक माफ करतात लोक."

"आणि मी चूक केलेलीच नसेल तर?"

"तर मग अवघड आहे."

मी खिडकीकडे वळले. "नाना, तुम्ही सांगा ह्यांना."

नाना बाहेरच बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पडकी पाण्याची टाकी होती. मग त्यांनी मान न वळवताच म्हटलं, "बोलून टाक, पोरी."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. कळलं तेव्हा कानशिलं अशी तापली की पुढचं नीट दिसेना. "मी नाही बोलणार," म्हटलं. "तुमच्या ट्रॉफ्यांना बोलायला लावा." आणि रोशनचा स्टँड पायाने उडवून बाहेर पडले. मोबाइल शेठच्या मांडीवर पडला. फुटला नाही, हे मला अजूनही खटकतं.

नाना ते माझ्याऐवजी बोलले.

शेजारची मुलगी धावत आली, "ताई, नाना लाइव्ह आलेत." आईने तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून पाहिला. मागे ट्रॉफ्यांचं कपाट. नानांनी लग्नकार्यातला पांढरा सदरा घातला होता, बटण गळ्यापर्यंत लावलेलं. हात जोडलेले.

"माझ्या पोरीला त्या दिवशी टच झाला नव्हता," ते म्हणाले. "तिची चूक झाली. दोष तिचा नाही, मी तसं शिकवलं. मी सगळ्या पोरींना सांगितलंय, यापुढे पंचाची शिट्टी वाजल्याशिवाय कुणी हात वर करणार नाही. गावाने मोठ्या मनाने तिला पदरात घ्यावं." मग जोडलेले हात कपाळाला लावले आणि मान खाली घातली. मान वर येण्याआधी व्हिडिओ संपला.

ह्या माणसाने मला एकदा फायनलच्या आदल्या दिवशी संघाबाहेर बसवलं होतं, कारण सरावात मी लागलेला टच दाबला होता. त्या दिवशी किती रडले, पाया पडले, तर म्हणाले होते, "पाया पडून टच पुसला जातो का?"

झालं. एका रात्रीत वारं फिरलं. लाल बदाम, जोडलेले हात, "नाना तुम्ही महान." हर्षालीताई आमचीच आहे. चूक कुणाची होत नाही? ज्याने आईबद्दल लिहिलं होतं त्याने लिहिलं, "ताई, झालं गेलं विसरून जा, रविवारी मैदान मारायचंय." सकाळी दोघीजणी पेढे घेऊन दारात. गावाने मला माफ केलं म्हणे. मला! माफ! मी पेढ्याचा पुडा घेतला आणि त्यांच्यासमोर कोंबड्यांपुढे टाकला. आई म्हणाली, "हर्षे, अगं निदान त्या गेल्यावर तरी टाकायचे."

मी तशीच नानांकडे गेले. ते ओटीवर सूप घेऊन सुक्या जवळ्यातला कचरा निवडत होते.

"टच होता, नाना."

"माहीत आहे."

"तुम्ही घोटा बघितला होता."

"बघायची गरज नव्हती. तू हात वर केलास म्हणजे होताच."

"मग का बोललात असं?"

ते निवडत राहिले. "आपण खरं कुणापुढे बोलतो गं? पंचापुढे. मैदानात. तिथे रेघ असते, शिट्टी असते, वेळ संपली की खेळ संपतो आणि आपण घरी जातो. त्या मोबाइलात ह्यातलं काय आहे? तिथे सामना संपतच नाही. त्या लोकांपुढे कसला नियम पाळायचा?"

"आपला नियम होता तो. त्यांचा नाही."

"तू रविवारी खेळायचंस," नाना म्हणाले. आवाज चढला होता. "मला एवढंच पाहिजे. आयुष्य घातलं मी ह्या मैदानात. एक पोरगी वर गेली नाही माझी. एक! कुणाचं लग्न झालं, कुणाचा गुडघा गेला. कुणी पोचली तर तू पोचशील. त्यासाठी हात जोडावे लागले, जोडले. माझे हात आहेत."

"आणि रविवारी मला टच झाला तर काय करू?"

नानांनी सूप हलवलं. बारीक कचरा एका कडेला आला, तो त्यांनी चिमटीने उचलला. मी उभीच राहिले. त्यांनी मला बस म्हणूनही सांगितलं नाही.

संध्याकाळी सरावाला गेले, कारण न जाऊन काय करणार. मी रेडला गेले तेव्हा माझा पंजा रिद्धीच्या खांद्याला लागला. चाटून वगैरे नाही, चांगला लागला. मी रेघ ओलांडून परत आले. रिद्धी जागची हलली नाही.

"रिद्धी, टच."

"नाही ताई."

"अगं माझा हात लागलाय तुला. माझा!"

ती नानांकडे बघायला लागली. मैदानाकडेला तिची मावशी मोबाइल वर करून शूटिंग करत होती. सगळ्याच जणींच्या घरून आता कुणी ना कुणी शूटिंग करायला येत असे. "शिट्टी कुठे वाजली?" रिद्धी म्हणाली. "नानाच म्हणाले ना व्हिडिओत, शिट्टी वाजल्याशिवाय कुणी हात वर करायचा नाही."

मला तिचा राग आला नाही. पोर बरोबर बोलत होती. जे शिकवलं ते बोलत होती. नाना अगदी जवळ उभे होते, त्यांनी टच पाहिला होता, शिट्टी त्यांच्या ओठांत होती.

त्यांनी ती काढली. "चला," म्हणाले, "पुढची रेड."

त्या क्षणी मी ठरवलं. घरी जाऊन नाही, विचार करून नाही, तिथेच.

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. काळे झेंडे नव्हते, माझ्या नावाचे फलक होते. रोशनने ह्या वेळी उंच स्टँड आणला होता आणि तो माइकवर ओरडत होता, "आपली वाघीण परत आली!" मी खेळले. रागात मी नेहमी बरी खेळते. समोरच्या रेडरचा घोटा असा धरला की ती उठताना म्हणाली, ताई, सोडा आता. निवड समितीचे दळवी सर वही मिटून हसत होते.

नावं जाहीर करताना त्यांनी माझं पहिलं घेतलं. टाळ्या, शिट्ट्या, फटाके. मग त्यांनी माइक माझ्यापुढे धरला. "बोल दोन शब्द. लोकांचं प्रेम बघ किती आहे."

नाना मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. तोच पांढरा सदरा. चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. समाधानी दिसत होते ते. म्हातारे आणि समाधानी. मला क्षणभर वाटलं, गप बस हर्षाली. आभार मान आणि गप बस. ह्या माणसाने तुझ्यासाठी मान खाली घातलीय.

पण त्यांनीच शिकवलेलं ना, क्षणभरही थांबायचं नाही म्हणून.

"त्या दिवशी टच होता," मी माइकमध्ये म्हणाले. "माझी चूक झाली नव्हती. मला कुणाची माफी नको. टच होता."

टाळ्या थांबल्या. मग मोबाइल वर आले. शेतात पीक उभं असावं तसे हात आणि मोबाइल. शेखरशेठ धावत दळवी सरांच्या कानाशी लागले. नाना खोटं बोलले, एवढं मी म्हणाले नाही. जीभ तेवढी वळली नाही. पण न म्हणता तेच झालं होतं, ते मला कळत होतं.

दळवी सर गोंधळले. मग त्यांना सुटकेचा रस्ता सापडला. त्यांनी माइक खांबाकडे धरला. "काशीनाना, तुम्ही इतकी वर्षं ह्या मैदानात आहात. तुमच्या शब्दाला जिल्ह्यात मान आहे. तुम्हीच सांगा. टच होता का नव्हता?"

सगळे मोबाइल नानांकडे वळले.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनात आलं, आता सांगतील. हे नाना आहेत. ह्यांनी मला टॉर्च लावून ओरखडा पाहून बरोबर केलंस म्हटलंय. ते सांगतील, संघ गेला तर गेला, आम्ही दोघं घरी जाऊ, ओटीवर बसू, मला शिव्या घालतील आणि मग सगळं ठीक होईल. इतकी खात्री मला आयुष्यात कशाची नव्हती.

"नव्हता," नाना म्हणाले.

मग माइक जवळ ओढून म्हणाले, "पोर तापट आहे. लहानपणापासून अशीच. तिचं बोलणं मनावर घेऊ नका, साहेब. नाव राहू द्या तिचं. हात जोडतो."

आणि त्यांनी खरंच पुन्हा हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. रोशन ओरडला, "याला म्हणतात गुरू!"

नाव राहिलं. यादीत पहिलंच. मी मैदानातून निघाले, तशीच अनवाणी. नाना मागून हाका मारत होते, "हर्षे! अगं थांब, हर्षे!" मी थांबले नाही. जिल्ह्याच्या शिबिराला गेले नाही. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली, ती पुढे नोकरीला लागली म्हणतात. लोकांनी लिहिलं, माज आहे, गुरूची किंमत नाही. लिहू दे. मी आईच्या शेजारी पाटी घेऊन बसले, आणि दोन-चार वर्षांनी तालुक्याच्या शाळेत खेळाची बाई म्हणून लागले. नाना दोनदा घरी आले. दोन्ही वेळा मी मागच्या दाराने बाहेर पडले. आई म्हणाली, तुझा राग तुलाच खाईल. खाल्ला तर खाऊ दे, मी म्हटलं.

गेल्या वर्षी नाना गेले. अंत्ययात्रेला मी गेले होते, सगळ्यांत मागे उभी राहिले. खारकोंडचा संघ आता मोठा आहे, बूट आहेत, जिम आहे. आता त्यांच्यातली कुणी म्हणाली की सर, टच आहे, तर पंच म्हणतात, व्हिडिओ दाखव.

नाना गेले त्याच संध्याकाळी रोशनने त्यांचा तो हात जोडलेला व्हिडिओ पुन्हा टाकला. खाली रडकं संगीत. वर लिहिलंय, "शिष्येसाठी जगापुढे वाकलेला गुरू." लाखोंनी पाहिलाय. माझ्या शाळेतल्या मुलींनीही पाहिलाय, मला दाखवायला घेऊन आल्या. त्याखाली परवासुद्धा कुणीतरी लिहिलं होतं, असा गुरू प्रत्येकाला मिळो.

मिळाला होता, मेल्यांनो. मला मिळाला होता. तुम्ही घालवलात.